एकही सामना न चुकवलेला माणूस

नोव्हेंबर हा आमच्यात मृतांच्या स्मरणाचा महिना. चर्चमधून एक पाकीट मिळतं. घरातली जी माणसं देवाघरी गेली, त्यांची नावं कागदावर लिहून त्यात घालायची, मग त्यांच्यासाठी मिस्सा होते. ही यादी लिहायचं काम गेली तीन-चार वर्षं माझ्याकडे आहे, कारण घरात त्यातल्या त्यात बरं अक्षर माझं. गेल्या नोव्हेंबरात पणजोबांपासून सगळी नावं लिहून झाल्यावर मी खाली एक नाव वाढवलं : जॉर्ज वेझिना. मम्मीने यादी वाचली आणि हा कोण म्हणून विचारलं. मी काही बोलायच्या आत पप्पांनीच सांगून टाकलं की तो आपल्यातलाच आहे, राहू दे ते नाव.

खरं तर तो आमच्या नात्यातला नाही की गावातला नाही. तो कॅनडाचा. १९२६ साली वारला. बर्फावरच्या हॉकीत गोलकीपर होता. आपल्यापैकी बहुतेकांनी हा खेळ सिनेमातच पाहिला असेल, आणि मीही मागच्या वर्षापर्यंत त्यातलीच होते.

मी आपल्या कॉलेजच्या मुलींच्या हॉकी संघात गोलकीपर आहे. (आमचे निकाल मंडळातल्या लोकांना माहीत नसतील तर बरंच आहे.) माझा एक मावसभाऊ टोरांटोला शिकतो. मागच्या वर्षी मे-जूनमध्ये त्याने मला स्टॅनली कपची अंतिम मालिका बघायचं वेड लावलं. तिकडे रात्री आठला सुरू होणारा सामना आपल्याकडे पहाटे साडेपाचला लागतो. त्या दिवसांत पप्पा आजारी होते, घरीच असायचे आणि त्यांची झोप लवकर मोडायची. मग बेळगावच्या पावसाळी पहाटे आम्ही दोघं एकाच मोबाइलवर डोकी टेकवून बर्फ बघायचो. सामने संपल्यावर मावसभाऊ टोरांटोच्या हॉकी हॉल ऑफ फेममध्ये गेला आणि तिथल्या चषकांचा व्हिडिओ त्याने पाठवला. त्यात एक वेझिना ट्रॉफी होती, दरवर्षी सर्वोत्तम गोलकीपरला मिळणारी. गोलकीपरच्या नावाची ट्रॉफी म्हटल्यावर मी त्याच्याबद्दल वाचायला घेतलं, आणि जे जे वाचलं ते पप्पांना सांगत गेले. त्यातला शेवटचा भाग मात्र मी त्यांना बरेच दिवस सांगितला नव्हता.

आधी थोडं त्या कपाविषयी, कारण त्याशिवाय वेझिनाचं आयुष्य कळत नाही. लॉर्ड स्टॅनली हे इंग्लंडच्या राणीतर्फे कॅनडाचे गव्हर्नर जनरल होते. त्यांनी १८९२ साली हा चांदीचा कप देऊ केला आणि १८९३ पासून तो जिंकणाऱ्या संघाला मिळू लागला. आज तो एनएचएल या एकाच व्यावसायिक लीगचा आहे आणि त्यासाठी सात सामन्यांची अंतिम मालिका होते. पण वेझिनाच्या काळात तसं नव्हतं. तेव्हा देशाच्या पूर्वेला एक लीग होती आणि पश्चिमेला, पॅसिफिक किनाऱ्यावर दुसरी. दोन्हीकडचे विजेते मार्च महिन्यात पाच सामन्यांच्या मालिकेत भेटायचे. साधारणपणे एक वर्ष पूर्वेच्या गावी, पुढचं वर्ष पश्चिमेच्या. म्हणजे एका संघाने आगगाडीत बसून अख्खा खंड पार करायचा, मधले डोंगर ओलांडायचे आणि उतरल्यावर लगेच खेळायला उभं राहायचं. गंमत म्हणजे दोन्हीकडचे नियमही वेगळे. पूर्वेला एका बाजूला सहा खेळाडू, पश्चिमेला सात. म्हणून मालिकेत एक सामना यांच्या नियमांनी, पुढचा त्यांच्या नियमांनी. असल्या पाच मालिका वेझिना खेळला. त्याचं आयुष्य या पाच मालिकांवरच सांगता येतं.

त्याचा जन्म २१ जानेवारी १८८७ चा, क्वेबेक प्रांतातल्या शिकूतिमी गावातला. सागने नदीच्या काठचं हे गाव फ्रेंच बोलणारं, कॅथोलिक, लाकडाच्या आणि कागदाच्या धंद्यावर जगणारं. वडिलांची बेकरी होती. घरात भावंडं पुष्कळ, हा सगळ्यात धाकटा. तिथे हिवाळा लांब असतो, त्यामुळे आपल्याकडे पोरं जशी गल्लीत क्रिकेट खेळतात तशी तिथे हॉकी खेळतात. जॉर्जही खेळायचा, पण स्केट्स न घालता. गोलकीपरला कुठे धावायचं असतं, त्याने उभंच राहायचं, मग साधे बूट काय वाईट, असा त्याचा हिशेब असावा. गावच्या संघातही तो बरीच वर्षं बुटांतच गोलमध्ये उभा राहिला आणि स्केट्सवर बऱ्याच उशिरा आला. मला वाटतं, त्याची पुढची सगळी पद्धत या बुटांतून आली. जो माणूस घसरत नाही तो जागेवर ठाम उभा राहायला शिकतो.

१९०८ साली त्याचं लग्न झालं. दोन वर्षांनी, फेब्रुवारी १९१० मध्ये, माँट्रियल कॅनेडियन्स नावाचा नवा व्यावसायिक संघ शिकूतिमीला एक मैत्रीपूर्ण सामना खेळायला आला. शहरातले पगारी खेळाडू विरुद्ध गावातली पोरं. निकाल काय लागणार हे सगळ्यांना माहीत होतं. पण कॅनेडियन्सना त्या दिवशी एकही गोल करता आला नाही. प्रत्येक फटका त्या शांत मुलाच्या काठीवर नाहीतर पायावर जाऊन थांबला. कॅनेडियन्सच्या गोलमध्ये त्या दिवशी जोसेफ कॅटरिनिक होता. परत गेल्यावर याला घ्या म्हणून त्यानेच आग्रह धरला असं सांगतात. म्हणजे स्वतःची जागा त्याने स्वतःच्या तोंडाने दुसऱ्याला देऊन टाकली. गोलकीपर मंडळींना हे जरा जास्त कळेल. संघात पुढे खेळणारे पाच-सहा असतात, गोलकीपरची जागा मात्र एकच असते. या कॅटरिनिकचं नाव लक्षात ठेवा, तो पुढे परत येणार आहे.

३१ डिसेंबर १९१० रोजी वेझिना कॅनेडियन्सकडून पहिला लीग सामना खेळला. त्यानंतर जवळजवळ पंधरा वर्षं कॅनेडियन्सच्या गोलमध्ये त्याच्याशिवाय दुसरं कोणी उभं राहिलं नाही. सव्वातीनशेहून अधिक लीग सामने, वर बाद फेरीचे आणि कपाच्या मालिकांचे, आणि त्यातला एकही चुकवला नाही. आधी एनएचए नावाच्या लीगमध्ये आणि १९१७ साली ती मोडून एनएचएल निघाल्यावर तिच्यात.

हा आकडा मोठा का, ते मी माझ्या अनुभवावरून सांगते. आमच्या हॉकीचा गोल बारा फूट रुंद आणि सात फूट उंच. बर्फावरचा गोल सहा फूट रुंद आणि चार फूट उंच. मी आधी म्हटलं, सोपं आहे की मग! पण तिथे चेंडूऐवजी पक असतो, कडक रबराची चकती, तीन इंच व्यासाची आणि एक इंच जाडीची. ती गोठवलेल्या बर्फावरून येते तेव्हा दिसण्याच्या आधी आलेली असते. मी सामन्याला उतरते तेव्हा हेल्मेट, जाळी, छातीचं पॅड, पायांचे पॅड असं अर्धं दुकान अंगावर असतं. वेझिनाच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. एनएचएलमध्ये गोलकीपर मुखवटा घालून नियमित खेळायला लागले ते १९५९ नंतर, आणि ती सुरुवातही कॅनेडियन्सच्याच झाक प्लांतने केली. शिवाय वेझिनाच्या काळात गोलकीपरने पक अडवायला बर्फावर पडायला बंदी होती. पडला तर शिक्षा. जानेवारी १९१८ मध्ये एनएचएलने ही बंदी उठवली. बाकीचे गोलकीपर आनंदाने लोळायला लागले. वेझिना मात्र पुढेही उभाच राहिला. उभं राहून काठीने पक बाजूला सारायचा, ही त्याची रीत. त्याच फेब्रुवारीत टोरांटोविरुद्ध त्याने एकही गोल दिला नाही. एनएचएलच्या इतिहासात एकही गोल न खाल्लेला तो पहिला गोलकीपर.

इंग्रजीत डोकं थंड असलेल्या माणसाला काकडीची उपमा देतात, म्हणून वार्ताहरांनी त्याचं नाव शिकूतिमीची काकडी असं पाडलं. हसू येतं, पण त्यामागे एक गोष्ट आहे. वेझिना बोलायचाच नाही. इंग्रजी त्याला जेमतेम येत होतं आणि फ्रेंचमध्येही तो मोजकंच बोलायचा. गोल खाल्ला तरी चेहरा तसाच, सामना जिंकला तरी तसाच. मोसम संपला की तो गावी परत जायचा. तिथे त्याचा कातडी कमावायचा कारखाना होता, तो चालवायचा. माँट्रियलच्या झगमगाटात राहायची त्याला हौस नव्हती.

पहिली मालिका १९१६ ची. ती माँट्रियलमध्येच झाली, पोर्टलंड रोझबड्सविरुद्ध. कपासाठी खेळणारा हा अमेरिकेतला पहिला संघ. पहिला सामना पोर्टलंडने २-० ने घेतला. पुढचे दोन कॅनेडियन्सनी घेतले, चौथा परत पोर्टलंडने. ३० मार्चला पाचवा आणि निर्णायक सामना झाला. कॅनेडियन्स २-१ ने जिंकले आणि त्यांच्या इतिहासातला पहिला स्टॅनली कप मिळाला. त्याच रात्री वेझिनाला दुसरा मुलगा झाला. त्याचं नाव मार्सेल स्टॅनली ठेवलं. कधी काही न बोलणाऱ्या माणसाला आनंद झाला होता याचा एवढा एकच लेखी पुरावा मला सापडला, आणि तो मुलाच्या नावात आहे.

पुढच्या वर्षी, १९१७ ला, मालिका पश्चिमेला, सिअ‍ॅटलमध्ये. पहिला सामना कॅनेडियन्सनी ८-४ असा जिंकला आणि पुढचे तिन्ही हरले. शेवटच्यात तर ९-१. सिअ‍ॅटल मेट्रोपॉलिटन्सच्या रूपाने कप पहिल्यांदा कॅनडाबाहेर गेला. एका सामन्यात नऊ गोल खाणं म्हणजे काय, हे माझ्याकडून ऐकू नका. पण पुढच्या मोसमाच्या पहिल्या सामन्याला वेझिना आपल्या जागेवर होता.

तिसरी मालिका १९१९ ची, तीही सिअ‍ॅटललाच. ही मालिका मी पप्पांना सांगितली तेव्हा त्यांनी मोबाइल बाजूला ठेवून ऐकली. पहिल्या महायुद्धानंतरचा हा काळ, जगभर इन्फ्लुएन्झाची साथ होती. आपल्या देशातही त्या साथीने लाखो माणसं नेली. पहिला सामना सिअ‍ॅटलने ७-० जिंकला, दुसरा कॅनेडियन्सनी ४-२, तिसरा सिअ‍ॅटलने ७-२. २६ मार्चला चौथा सामना झाला. पूर्ण वेळ ०-०. जादा वेळ दिला, तरी ०-०. एका टोकाला वेझिना, दुसऱ्या टोकाला हॅप होम्स, दोघांनी काही म्हणता काही आत जाऊ दिलं नाही आणि शेवटी सामना बरोबरीत सोडून द्यावा लागला. पाचवा कॅनेडियन्सनी जादा वेळेत ४-३ असा घेतला. दोन यांचे, दोन त्यांचे, एक बरोबरी. १ एप्रिलला निर्णायक सामना ठेवला.

तो झालाच नाही. कॅनेडियन्सचे खेळाडू एकामागून एक तापाने आडवे झाले. सामन्याला काही तास उरले असताना तो रद्द करावा लागला. कॅनेडियन्सचे मॅनेजर जॉर्ज केनेडी हेही आजारी होते. संघच उभा राहत नाही म्हटल्यावर त्यांनी कप सिअ‍ॅटलला देऊन टाकायची तयारी दाखवली. सिअ‍ॅटलच्या पीट मल्डूनने तो घेतला नाही. आजारी माणसांकडून कप घ्यायचा नाही, असं त्याने ठरवलं. ५ एप्रिलला कॅनेडियन्सचा बचावपटू जो हॉल सिअ‍ॅटलमध्येच वारला. वेझिनाच्या पुढे उभा राहून फटके अडवणारा हा माणूस, वयाची अडतिशीही गाठली नव्हती. केनेडी त्या दुखण्यातून पुरते उठलेच नाहीत, १९२१ मध्ये तेही गेले. पुढे कपावर त्या वर्षासाठी दोन्ही संघांची नावं कोरली आणि मालिका अपूर्ण राहिली एवढंच लिहिलं.

पप्पांनी विचारलं की जो हॉल शेवटचा सामना तापातच खेळला असेल का. मी म्हटलं, असेल. त्यावर ते काही बोलले नाहीत.

इथे आता घरचं सांगायला हवं. पप्पा उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत कामाला आहेत. एकोणीस वर्षांत त्यांनी आयत्या वेळी एकही रजा घेतली नव्हती. कारखान्यात वर्षाअखेर पूर्ण हजेरीचं बक्षीस देतात. आमच्या स्वयंपाकघरातले स्टीलचे डबे, इस्त्री, हॉलमधलं घड्याळ, सगळं हजेरीचं आहे. मागच्या वर्षाआधीच्या डिसेंबरात त्यांना खोकला सुरू झाला. धुळीचा आहे म्हणाले. जानेवारीत रात्री घाम यायला लागला, मम्मीला सांगितलं की उकडतंय. पँटला पट्ट्याचं नवं भोक पाडलं ते आमच्यापासून लपवून. मार्चमध्ये रुमालावर रक्त दिसलं तेव्हा मम्मीने हात धरून दवाखान्यात नेलं. टीबी निघाला. शेजारी विचारायला आले की आम्ही टायफॉइड सांगायचो. मीसुद्धा सांगितलं, कॉलेजमध्येही. आज पहिल्यांदा खरं लिहितेय.

त्याच दिवसांत आजीने एक गोष्ट सांगितली. माझे पणजोबा म्हणजे आजीचे वडील तरुणपणी दोन वर्षं मिरजेजवळ वानलेसवाडीला क्षयाच्या दवाखान्यात होते आणि बरे होऊन आले. ही गोष्ट साठ-सत्तर वर्षं घरात कुणी उच्चारली नव्हती. वानलेसवाडी ज्यांच्या नावाने आहे ते डॉक्टर विल्यम वानलेस जन्माने कॅनडाचे, हे मला वेझिनाच्या नादाने शोधताना कळलं. वेझिनाचा देश असा आमच्या घरात फार आधी येऊन गेला होता, फक्त कुणी बोललं नव्हतं.

परत वेझिनाकडे. तो बोलत नसल्यामुळे त्याच्या वतीने दुसरेच बोलत. १९२१ मध्ये केनेडी गेल्यावर कॅनेडियन्स संघ तिघांनी मिळून विकत घेतला : लिओ दाँदुराँ, लुई लेतुर्नो आणि आपला तो जुना गोलकीपर कॅटरिनिक. त्यातल्या दाँदुराँना गोष्टी रंगवून सांगायची हौस होती. वेझिनाला बावीस मुलं आहेत आणि त्यात तिळी सुद्धा आहेत, ही त्यांनीच उठवलेली बातमी. ती वर्षानुवर्षं छापून येत राहिली. प्रत्यक्षात मुलगे दोन. क्वेबेकच्या कॅथोलिक घरांत पोरं खूप असतात हे ठरलेलं असल्यामुळे कुणाला शंका आली नाही, आणि वेझिनाने कधी ते खोडून काढलं असं कुठे दिसत नाही. माणूस गप्प राहिला की लोक मोकळ्या जागा आपल्या मनाने भरतात. हे आपल्यालाही नवं नाही.

१९२४ हे त्याचं सगळ्यात चांगलं वर्ष. वय ३७. पुढे हाउई मोरेंझ नावाचा विजेसारखा पळणारा नवा पोरगा आलेला, मागे हा. आधी ओटावाला हरवलं, मग पश्चिमेच्या दोन लीगचे विजेते व्हँकुव्हर मरून्स आणि कॅलगरी टायगर्स यांना. सहा सामने, सहाही जिंकले. सहा सामन्यांत वेझिनाने गोल दिले फक्त सहा. शेवटच्या सामन्यात एकही नाही, ३-०. कप परत माँट्रियलला. त्याचीही एक गंमत आहे. जिंकल्याच्या आनंदात खेळाडू कप गाडीत घालून दाँदुराँच्या घरी निघाले, वाटेत टायर पंक्चर झाला. कप रस्त्याकडेला ठेवून त्यांनी चाक बदललं आणि कप तिथेच विसरून निघून गेले. आठवण झाल्यावर परत आले तर तो रस्त्याकडेला तसाच वाट बघत बसलेला.

पुढच्या मोसमात तर तो त्याहून भारी खेळला. तीस लीग सामन्यांत सरासरी दोन गोलसुद्धा दिले नाहीत, लीगमध्ये सगळ्यात कमी. १९२५ च्या मार्चमध्ये पाचवी मालिका पश्चिम किनाऱ्यावर, व्हिक्टोरिया कूगर्सविरुद्ध. एक जिंकला, तीन हरले. ३० मार्चचा शेवटचा सामना ६-१ असा गेला. एनएचएलबाहेरच्या संघाने कप जिंकायची ही शेवटची वेळ ठरली. वेझिनाचीही शेवटची मालिका तीच.

त्या वर्षी हिवाळ्याच्या सुरुवातीला तो माँट्रियलला सरावाला आला तेव्हा उतरलेला दिसत होता. वजन भराभर कमी झालं होतं. पण विचारलं तरी सांगणार कोण? आणि विचारलं तरी होतं का कुणी मनापासून? पंधरा वर्षं जो माणूस एक दिवस चुकला नाही, तो आजारी असेल असं लोकांच्या डोक्यातच येत नाही. घरातही येत नाही, हे मी खात्रीने सांगू शकते.

२८ नोव्हेंबर १९२५. मोसमाचा पहिला सामना, माँट्रियलमध्ये, समोर नव्याने लीगमध्ये आलेला पिट्सबर्ग पायरेट्सचा संघ. वेझिनाच्या अंगात १०२ अंश ताप होता आणि तो तसाच पॅड बांधून उतरला. वीस मिनिटांचं पहिलं सत्र त्याने एकही गोल न देता काढलं. मधल्या सुट्टीत आत गेला तेव्हा तोंडातून रक्त आलं. पुढे तो खेळू शकला नाही. त्याच्या जागी अल्फाँस लाक्र्वा नावाचा दुसरा गोलकीपर उतरला. १९१० नंतर पहिल्यांदा कॅनेडियन्सच्या गोलमध्ये वेझिना नव्हता. डॉक्टरांनी तपासलं. क्षय, आणि फार पुढे गेलेला.

हाच तो भाग, जो मी पप्पांना सांगायचा टाळत होते.

१९२५ साली क्षयावर औषध नव्हतं. जंतू कोणता ते रॉबर्ट कॉखने १८८२ सालीच दाखवलं होतं, पण त्याला मारणारं स्ट्रेप्टोमायसिन सापडायला १९४३ उजाडलं. तोवर विश्रांती, चांगली हवा, दूध-अंडी आणि प्रार्थना, एवढेच उपाय. दाँदुराँनी पुढे सांगितलेल्या हकिकतीप्रमाणे, काही दिवसांनी वेझिना एकदा कपडे बदलायच्या खोलीत आला आणि आपल्या नेहमीच्या कोपऱ्यात जाऊन बसला. समोर त्याचे पॅड आणि स्केट्स व्यवस्थित मांडून ठेवलेले होते. त्याच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. मग त्याने एकच गोष्ट मागितली, शेवटच्या अजिंक्यपद मालिकेत घातलेली आपली जर्सी. ती घेऊन तो निघून गेला. दाँदुराँ रंगवून सांगणारे खरे, पण बावीस मुलांची गोष्ट रचणाऱ्या माणसाला ही रचता आली असती असं मला वाटत नाही. यात रंग फारच कमी आहे.

तो शिकूतिमीला परतला आणि २७ मार्च १९२६ रोजी गावच्या रुग्णालयात वारला. वय ३९. त्या मोसमात कॅनेडियन्स सात संघांत सातवे आले.

त्यानंतर दाँदुराँ, लेतुर्नो आणि कॅटरिनिक या तिघा मालकांनी त्याच्या नावाने ट्रॉफी दिली. ज्या गोलकीपरने आपली जागा त्याला दिली होती, त्यानेच त्याचं नावही राखलं. पहिली तीन वर्षं ती ट्रॉफी जॉर्ज हेन्सवर्थला मिळाली, वेझिनाच्या जागी कॅनेडियन्सच्या गोलमध्ये उभा राहिलेल्या गोलकीपरला. १९४५ मध्ये हॉकी हॉल ऑफ फेमची पहिली नावं निवडली तेव्हा त्यात वेझिना होता. शिकूतिमीत बर्फाचं स्टेडियम आहे, तेही त्याच्याच नावाचं.

जुलैमध्ये एका संध्याकाळी मी पप्पांना हा शेवट सांगितला. त्यांच्या औषधाचा तेव्हा चौथा महिना चालू होता. सरकारी दवाखान्यातून फुकट मिळणाऱ्या त्या गोळ्या सहा महिने घ्यायच्या असतात. त्यांनी बराच वेळ हॉलमधल्या घड्याळाकडे पाहिलं. मग विचारलं की तो पहिल्या सत्रानंतर तरी थांबला, त्याला आधीच कुणी थांबवलं का नाही. मी म्हटलं, त्याने सांगितलं नसणार. पप्पा म्हणाले की तसं नसतं, सांगायला समोर कुणीतरी ऐकणारं लागतं, आणि न चुकणाऱ्या माणसाचं कौतुक करणारे पुष्कळ भेटतात.

मी वेझिनाबद्दल जे जे वाचलं त्यात सगळीकडे त्याचं शांत राहणं हा गुण म्हणून सांगितलेला आहे. तो गुण होताच. सिअ‍ॅटलच्या त्या ०-० सामन्यात दुसरं काय कामाला आलं असतं? पण तीच शांतता १०२ तापातही त्याच्या अंगावर होती, आणि तिथे ती काठीसारखी उपयोगी पडली नाही. एकच सवय बर्फावर वाचवते आणि घरात मारते, हे मला या माणसाकडून कळलं. वेझिनाकडे गोळ्या नव्हत्या. लवकर बोलला असता तरी कदाचित वाचला नसता. आपल्याकडे त्या आहेत. म्हणून आपल्या गप्प बसण्याला त्याच्याइतकीही सबब नाही.

सप्टेंबरमध्ये पप्पांचा कोर्स संपला, तपासणी स्वच्छ आली, ते कामावर रुजू झाले. त्या वर्षी हजेरीचं बक्षीस अर्थातच दुसऱ्या कुणाला तरी मिळालं. नोव्हेंबरात मी ते नाव यादीत लिहिलं आणि पप्पांनी राहू दिलं.

परवा पप्पांना साधी सर्दी झाली. सकाळी उठून त्यांनी सुपरवायझरला फोन लावला, आज येत नाही म्हणून सांगितलं आणि चहा घेऊन माझ्या शेजारी येऊन बसले.